पी.टी.च्या तासात ‘खिलाडूवृत्ती’ आणायची म्हणजे नेमकं काय करायचं?

शिट्टी_भांडुप

सातवीचा वर्ग, पट ६०. तास ३५ मिनिटांचा, आठवड्यातून दोनदा. मैदान म्हणजे इमारतीमागचं सिमेंटचं अंगण, साधारण २४ बाय १४ मीटर. वार्षिक नियोजनात ‘खेळातून शिस्त, संघभावना, खिलाडूवृत्ती’ असं दरवर्षी लिहिलं जातं. प्रत्यक्षात दहा चपळ मुलं खेळतात, बाकीची पन्नास भिंतीला टेकून गप्पा मारतात आणि घंटा होते. कोणता खेळ घ्यावा, आणि त्यात काय केलं तर हे गुण मुलांत थोडेफार तरी उतरतील? क्रिकेट सोडून सांगा, बॉल शेजारच्या सोसायटीत जातो आणि मग वॉचमनशी भांडण.

पाटीवरचा_खो

खो-खो घ्या सर. या खेळात बसलेल्यालाही काम असतं.

पाठलागाला नऊ जण. आठ चौकोनांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलाग करणारा. त्याला मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांच्या रांगेची पट्टी, ओलांडता येत नाही, आणि एकदा एका खांबाची दिशा घेतली की अध्येमध्ये मागे फिरता येत नाही. ज्याला पकडायचं त्या समोरच्या गड्याला मात्र दोन्हीची मुभा. त्यामुळे जीव तोडून पळालं तरी एकट्याने गडी मारणं जवळजवळ अशक्य. खो द्यावाच लागतो.

तरी सातवीतला चपळ पोरगा खो देत नाही, हे धरून चाला. गडी हाताशी आलाय असं त्याला वाटत राहतं, तो खांबापर्यंत फरपटत जातो आणि दमतो. त्याला ओरडू नका. पहिले तीन आठवडे घरचा नियम लावा: उठल्यापासून दोन चौकोनांच्या आत खो, नाहीतर फाऊल. फाऊल झाला की उलट दिशेला जावं लागतं आणि गडी निसटतो, ती शिक्षा पुरेशी होते. चौथ्या आठवड्यात नियम काढून बघा. तोवर बऱ्याच जणांना खो देण्याची सवय लागलेली असते.

दुसरी चूक बसलेल्यांची, खो मिळायच्या आधीच उठायचं. बहुतेक वेळा ज्याला बराच वेळ खो मिळालेला नसतो तोच उठतो. म्हणजे त्याचा उतावळेपणा जितका खरा, तितकंच पाठलाग करणारे त्याला टाळताहेत हेही खरं. गुणलेखकाला प्रत्येक चौकोनासमोर खो मिळाल्याची खूण करायला लावा. एका चौकोनात आठ खुणा आणि शेजारी शून्य दिसलं की कोणाला वगळलं जातंय ते वहीच सांगते.

खो पाठीमागूनच द्यायचा, हाताचा स्पर्श आणि ‘खो’ हा शब्द एकदम. स्पर्श आधी आणि आवाज मागाहून, तर फाऊल. लाजरी मुलं इथे अडखळतात, तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. त्यांच्यासाठी दोन मिनिटं नुसता जागेवर बसून खो द्यायचा सराव घ्या, पळणं नाही.

६० जणांची मांडणी: १२ चे पाच संघ, अंगणाचे दोन भाग. प्रत्येक भागात ११ बाय १० मीटरचं छोटं मैदान, पाच बसलेले, एक पाठलागावर. डाव चार मिनिटांचा, दोन मिनिटांनी पाठलागाचे सहा बदलायचे, म्हणजे बाराही जण खेळतात. पळती, म्हणजे पाठलाग चुकवणारा संघ, तिघांच्या तुकड्यांनी, तुकड्यांचा क्रम आधी लिहून द्यायचा. पाचवा संघ खेळत नाही: प्रत्येक मैदानाला दोन पंच, एक वेळाधिकारी, एक गुणलेखक, दोघे पुढची तुकडी तयार ठेवणारे. संघ दर तासाला फिरतात. वर्गात सगळ्यांत जास्त हुज्जत घालणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात शिट्टी द्या. दोन डाव सांभाळले की त्याला कळतं.

सिमेंटवर सूर मारायला बंदी, यात सूट नको. खांब उभे करू नका, जागेवर वर्तुळ रंगवा. खांब धरून गर्रकन वळताना मागचा पोरगा आदळतो आणि खाली माती नसते. दुपारच्या तासाला अनवाणी खेळवू नका, एप्रिलमध्ये तळपाय पोळतात.

दादरचा_कट्टा

वरची मांडणी उत्तम. पण ‘खेळाने चारित्र्य घडतं’ हे इतकं सरळ नाही. खेळात मुलं खोटं बोलायलाही शिकतात, आणि ते मोठ्यांकडूनच. १४ वर्षांखालच्या संघात सोळाचा मुलगा घुसवला की अख्ख्या संघाला माहीत असतं. दाखला कोणी आणला, सही कोणी केली, हे बघूनच पोरं शिकतात. दहावीच्या ग्रेस गुणांपुरता खेळ धरायचा आणि मार्चनंतर सोडायचा, हा त्यातलाच प्रकार.

शालेय क्रिकेटकडे बघा. १९८८ साली हॅरिस शील्ड या मुंबईच्या शालेय स्पर्धेत तेंडुलकर-कांबळीची ६६४ धावांची भागी झाली. डाव सोडा म्हणून बाहेरून खुणा चालल्या होत्या आणि दोघं मुद्दाम तिकडे बघत नव्हते, हा किस्सा मुंबईत सगळ्यांना पाठ आहे आणि सगळे तो कौतुकानेच सांगतात. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ केल्या, त्याच्या संघाने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरचा संघ ३१ आणि ५२ मध्ये गारद. प्रणवचा पराक्रम मोठाच, त्यात वाद नाही. पण समोरच्या अकरा पोरांनी त्या दोन दिवसांत काय शिकायचं होतं, हे स्पर्धा आखणाऱ्यांनी ठरवायला हवं. वर्गातल्या खेळात ते तुमच्या हातात आहे. फरक वाढत चालला की मध्यांतरात संघ फोडा, दोन-दोन मुलं अदलाबदल करा आणि गुण शून्यापासून धरा.

चढाई_लालबाग

दोन गोष्टी ताबडतोब बंद करा.

एक, सगळ्यांसमोर कॅप्टनने एकेक नाव घेऊन संघ निवडणं. शेवटी उरतो तो दरवेळी तोच असतो, आणि ‘घे तुला, नको मला’ हे त्याच्या तोंडावर चालतं. संघ तुम्ही घरी पाडून या, यादी फळ्यावर लावा.

दोन, शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या. ज्या पळण्याची गोडी लावायची तेच दंड म्हणून दिलं, तर आठवीत ते पोरगं पी.टी.ला पोट दुखतं म्हणूनच सांगणार. फाऊल केला, एक डाव गुणलेखकाशेजारी बसव, मग परत आत.

शाबासकीही मोघम नको. ‘छान खेळलास’ने काही होत नाही. ‘गडी हाताशी होता तरी खो दिलास’ असं घडलेलं सांगा.

आणि सर, कबड्डीचा विचारसुद्धा करू नका. सिमेंटवर पकड केली की गुडघे आणि कोपरं सोलवटतात. मॅट मिळाली तर बोलू.

शिट्टी_भांडुप

धन्यवाद. दोन शंका. पंच मुलंच असतील तर निर्णयावरून रडारड होणार, तास त्यातच जाईल. आणि जून ते सप्टेंबर अंगणात पाणी, तेव्हा काय?

पाटीवरचा_खो

रडारडीसाठी: बोलायचं फक्त कॅप्टनने, पंचाच्या जवळ जाऊन, एकदाच. दोन्ही पंचांचं एकमत नसेल तर गडी नाबाद आणि खेळ पुढे. तुम्ही मध्ये पडून निर्णय फिरवू नका, चूक दिसली तरी. एकदा फिरवलात की पुढचा प्रत्येक वाद तुमच्याकडे येईल आणि त्या पोराच्या शिट्टीला किंमत उरणार नाही. अपवाद एकच, कोणाला लागण्यासारखं काही असेल तर.

वेळाचं गणित: खाली येणं-जाणं ६ मिनिटं, अंग मोकळं करणं ४, मग प्रत्येक मैदानावर चार-चार मिनिटांच्या दोन डावांचा सामना, मध्ये एक मिनिट. असे दोन सामने १८ मिनिटांत बसतात. उरलेली सात मिनिटं हाताशी ठेवा, कुणाची तरी बुटाची नाडी सुटतेच.

पावसाळ्यात व्हरांड्यात बसून खो द्यायचा सराव, आणि वर्गात फळ्यावर मैदान काढून गुणलेखन. एक जण तोंडी डाव सांगतो, बाकीचे वहीत नोंदवतात, नंतर ताळा जुळवतात. ओल्या लादीवर पळवू नका.

रेषा मे महिन्यातच ऑइलपेंटने मारून घ्या, खडू पहिल्या सरीला जातो. पेंटमध्ये मूठभर चाळलेली बारीक वाळू घाला, नाहीतर ऑक्टोबरमध्ये दव पडलं की नेमकं रेषेवरच पाय घसरतो.