देवाचा आवाज कसा ओळखायचा? महिनाअखेर निर्णय द्यायचाय, सल्ला हवाय

कल्याणची_नर्स:
जय ख्रिस्त सगळ्यांना. मी साउथ बॉम्बेतल्या एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, आयर्लंडच्या जॉबची ऑफर आलीये आणि महिनाअखेर हो की नाही कळवायचंय. नवरा तयार आहे, आईपण जा म्हणते, पण सासूबाईंना चालायला त्रास होतो आणि आम्ही गेलो की त्या एकट्या पडतील. त्यात आमच्या प्रार्थना संगतीतल्या एका आंटींनी सगळ्यांसमोर सांगितलं की प्रभूने मला दाखवलंय, ही गेली तर घर मोडेल. तेव्हापासून झोप उडालीये. लोकलमध्ये प्रार्थना करते, वचन वाचते, पण मला स्वतःला काहीच ऐकू येत नाही. देव बाकीच्यांशी बोलतो आणि माझ्याशीच नाही का? काय करू सांगा, आणि मुंबईत शांत बसता येईल अशी जागा माहीत असेल तर तीपण सांगा प्लीज.

भायखळा_युथ:
ताई, बायबलमधल्या गिदोनाने रात्री लोकर पसरून देवाकडे दंवाची खूण मागितली होती, तशी लोकर टाका. देवाकडे एक खूण मागा, मिळाली तर जा, नाही तर नका जाऊ.

माहीमचे_काका:
बेटा, लोकरीचं जरा थांब. बायबलमधल्या शास्ते पुस्तकाचा सहावा अध्याय नीट वाच, गिदोनाला काय करायचं ते देवाने आधीच स्पष्ट सांगितलं होतं, लोकर त्याने धीर होत नव्हता म्हणून टाकली आणि देवाने ते सांभाळून घेतलं. निर्णय घ्यायची ती पद्धत नव्हे.

आता त्या आंटींचं. त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण प्रेषितांची कृत्ये 21 उघड. अगब नावाचा संदेष्टा कैसरियाला येतो, यरुशलेमेला निघालेल्या प्रेषित पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो की हा ज्याचा पट्टा आहे त्याला यरुशलेमेत असं बांधतील. ते खरंही झालं. पण तेव्हा तिथले सगळे रडून म्हणाले जाऊ नकोस, त्यात हे पुस्तक लिहिणारा लूकही होता, आणि पौल तरी गेला. म्हणजे बघ, संदेश अगबाचा खरा होता पण "जाऊ नको" हे लोकांनी प्रेमापोटी जोडलेलं. तुझ्या बाबतीत आंटींनी काय पाहिलं आणि त्यातून स्वतः काय काढलं, हे त्यांनाच प्रेमाने विचार. थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्रात पौल एकाच दमात लिहितो की संदेश तुच्छ मानू नका आणि सगळं पारखून घ्या. पारखणं म्हणजे अविश्वास नाही, ते आपल्याला सांगितलेलंच काम आहे.

आणि ऐकू येत नाही म्हणून घाबरू नकोस. शमुवेल लहानपणी देवाच्या मंदिरात झोपायचा तरी हाक कोणाची ते त्याला कळलं नाही, तीनदा एली याजकाकडे धावला, मग एलीने सांगितलं की हा परमेश्वर आहे. आपल्यालाही एक एली लागतो, तुमच्या पाळकसाहेबांशी बोललीस का? नवऱ्याला घेऊन जा, हा दोघांचा निर्णय आहे. पौलाला इकडे ये म्हणणाऱ्या मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत झाला तेव्हाही लूक लिहितो की देव तिकडे बोलावतोय असं "आम्ही" अनुमान केलं, एकट्याने नाही ठरवलं.

वसईवाली:
काकांशी सहमत. मी कॅथलिक आहे, आमच्याकडे येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांची पद्धत शिकवतात ती सांगते. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला, अंथरुणात पडून ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या गोष्टी वाचत होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की दरबारी पराक्रमाची स्वप्नं बघताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, संतांसारखं जगायचा विचार केला की नंतरही आनंद टिकतो. तुम्ही पण तसं करा, थोडे दिवस आपण गेलोच आहोत असं धरून प्रार्थना करा, मग थोडे दिवस राहिलोय असं धरून, आणि रोज रात्री मनात काय उरलं ते लिहा. शांती की नुसती भीती. त्यांचा अजून एक नियम मला फार लागू पडलाय, मन उदास आणि अंधारात असताना आधी केलेला निर्णय बदलू नये. भीतीच्या रात्री ऑफर नाकारू नका एवढंच म्हणेन, जायलाच पाहिजे असं मी म्हणत नाही.

जागा म्हणाल तर बांद्र्याला माउंट मेरीजवळ येशूसंघी फादरांचं रिट्रीट हाउस आहे, शांत राहून प्रार्थना करायची जागा. ड्युटीनंतर जवळ हवं असेल तर फोर्टचं सेंट थॉमस कॅथेड्रल, 1718 पासूनचं, सीएसएमटीवरून चालत जाता येतं. माहीमच्या चर्चला बुधवारी नोव्हेनाची, म्हणजे मरियामातेच्या खास प्रार्थनेची गर्दी असते, तेव्हा शांतता नाही मिळायची.

कल्याणची_नर्स:
खूप आभार, अगबाचं वाचून रडूच आलं. पाळकसाहेबांना मेसेज केलाय, आम्ही दोघं रविवारी उपासनेनंतर भेटतोय. सासूबाईंना काय वाटतं हे तर अजून कोणी त्यांना विचारलंच नाहीये, आज घरी गेल्यावर बसते त्यांच्याजवळ. काका, नाइट ड्युटी संपवून तसाच उपास करून चर्चमध्ये बसू का?

माहीमचे_काका:
नाही बेटा. एलिया संदेष्टा खचून झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने आधी त्याला झोपू दिलं, दूताने दोनदा खायला दिलं, होरेब डोंगरावरची देवाची ती मंद वाणी त्यानंतरची. तू पण आधी जेव, झोप, मग सुट्टीच्या दिवशी जा. आणि सासूबाईंशी बोलायचं ठरवलंस ते फार छान, ते आजच कर.

वसईवाली:
रिट्रीट हाउसला आधी फोन करूनच जा हं ताई, ग्रुप आलेला असला तर जागा नसते. एखाद्या फादरांशी बोलायचंय असं तेव्हाच सांगून ठेवा.