एचआयव्ही असलेल्या आईनं बाळाला अंगावर पाजावं का?

दिघ्याची माहेरवाशीण:
नात्यातली एक पोर पंधरा दिवसांची बाळंतीण आहे. गरोदरपणात एचआयव्ही निघाला, तेव्हापासून गोळी एकदाही चुकलेली नाही. बाळाला लागण होऊ नये म्हणून नेविरापिन या औषधाचे थेंब चालू आहेत. एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथल्या) ताई म्हणतात, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. नवरा म्हणतो, पावडरच्या दुधाचा डबाच आणू. मी ताईंच्या बाजूची. नळ अर्धा तास येतो त्या घरात दिवसाला आठ बाटल्या कोण उकळणार?

ऐरोलीकर:
नवऱ्याचं काय चुकलं? अंगावरच्या दुधातून विषाणू जातो, डब्यातून जात नाही. गोळ्यांनी धोका कमी होतो, शून्य नाही. आणि बाटल्या उकळायला नवऱ्याला हात नाहीत का?

कळवा नाईट ड्युटी:
डब्यातून विषाणू जात नाही, जुलाब जातात. बोत्सवानात सरकार डबे फुकट वाटायचं. २००६ च्या अतिवृष्टीत पाणी बिघडलं, जुलाबाची साथ आली आणि जास्त करून डब्यावरचीच बाळं दगावली. औषधं नसतील तर गरोदरपणापासून दूध तुटेपर्यंत लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के, नीट औषधं घेतली तर ५ टक्क्यांच्या आत. खरी भीती आहे ‘थोडं हे, थोडं ते’ची. आईचा डोळा लागला की कुणी गुटी उगाळतं, कुणी मध चाटवतं, रडलं की वरचं दूध. कोवळ्या आतड्याला इजा झाली की विषाणूला वाट मिळते. डर्बनमध्ये १९९९ सालीच हे दिसलं होतं: फक्त अंगावर पिणाऱ्यांपेक्षा दोन्ही पिणाऱ्या बाळांना लागण जास्त. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी, केलीय का तिची?

ऐरोलीकर:
म्हणजे माझंच खरं! निव्वळ डबा दिला तर ही भेसळच होणार नाही. अमेरिकेत इतकी वर्षं डबाच सांगायचे, ते काय वेडे?

कळवा नाईट ड्युटी:
तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०२४ मध्ये भूमिका बदलली. गोळ्या नियमित आणि विषाणू दबलेला असेल, तर आईला पाजायला साथ द्या म्हणतात. आणि डब्यावरच्या बाळाला गुटी कोणी देत नाही, हे कोणी सांगितलं तुम्हाला?

ऐरोलीकर:
‘दबलेला असेल तर’. तेवढ्या ‘तर’वर मी तरी माझं बाळ ठेवणार नाही.

दिघ्याची माहेरवाशीण:
व्हायरल लोड आठव्या महिन्यात केला, दबलेला आहे. पण दादा, सासूला यातलं काही माहीत नाही. डबा दिसला की चाळभर विचारणार, “दूध येत नाही का गं?” रोज काय सांगायचं? गुटीचं मात्र जमवलंय. ‘डॉक्टरांनी पाणीसुद्धा नको सांगितलंय’ एवढ्यावर सासूबाईंनी सहाण माळ्यावर टाकली. काल मधाची बाटली ओट्यावर दिसली, ती मी पिशवीत घालून घरी आणली.