आज्याची विन्चेस्टर ३०-३०, .३१५ करून घेऊ का?

सिंदेवाहीचा पोट्टा
आज्याची लिव्हरवाली विन्चेस्टर, ९४ मॉडेल, बाबांनंतर माझ्या लायसनवर चढली. आजा मालगुजाराच्या हाक्यात चितळ-सांबर मारायचा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याआधीची गोष्ट. नळीवर '३० डब्ल्यूसीएफ' कोरलं आहे, ते ३०-३० काडतुसाचंच जुनं नाव. दर पोळ्याला तेलपाणी होते, त्यामुळे बंदूक चकाचक. पण डब्यात काडतुसं चारच, पितळ हिरवं पडलेलं. नागपुरात दोन दुकानं फिरलो, दोन्हीकडे एकच: .३१५ चं काडतूस वापरा, ते मिळते. एक कारागीर म्हणतो, चेंबर (काडतूस बसते ती जागा) अन् नळी मोठी करून .३१५ करून देतो, ताकदही वाढेल. करू का?

जुना मिस्त्री, वर्धा
नोको रे बावा. त्यानं कॅलिपर तरी लावला होता का? ३०-३० चं अख्खं काडतूस सुमारे ६५ मिलीमीटर, .३१५ चं ७६. मॅगझिनच्या नळीतून मागं आलेलं काडतूस ज्या कॅरिअरवर चढते, तो ३०-३० च्या मापाचा. अकरा मिलीमीटर जास्तीचं ठेवणार कुठं? पेंदाही १२.८ चा १४ होते, बोल्टचं तोंड अन् एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढणारा आकडा) दोन्ही गेले. नळी कोरणं हे सगळ्यात सोपं काम, म्हणून तो तेवढंच सांगून राहिला.

ताकदीचं म्हणशील तर हरणासाठी मोठ्या बोअरची, म्हणजे मोठ्या नळीच्या मापाची ९४ विन्चेस्टरनंच काढली, १९७८ मध्ये, ३७५ काडतुसाची. पण त्यासाठी फ्रेमच्या मागच्या भिंती जाड केल्या. तांब्याचा तुकडा किती चेपते त्यावरून दाब मोजायच्या जुन्या पद्धतीत ३०-३० चा दाब ३८,००० च्या घरात, ३७५ चा ५२,०००. हेच ३७५ जुन्या .३८-५५ च्या बंदुकीतही बसते, अन् घात तिथंच आहे. बसलं म्हणजे सोसलं असं नसते. ज्यांना .४५-७० चं आणखी मोठं काडतूस पाहिजे ते मार्लिन कंपनीची १८९५ मॉडेल घेतात. गंमत म्हणजे मार्लिननं ती परत काढली तीही १९७२ सालीच. तिकडं हरणाची बंदूक आली, इकडं आपली शिकार बंद.

तुझ्या चार काडतुसांचं नाक कसं आहे ते पाह्य. टोकदार असेल तर मॅगझिनमध्ये भरू नको. एकाचं टोक पुढच्याच्या बुडातल्या, बार पेटवणाऱ्या टोपीवर टेकते, धक्क्यानं आतच उडू शकते.

धुऱ्यावरचा
कायद्याचंही बघा भाऊ. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ पाहा, विनापरवाना हत्याराचं रूपांतर करता येत नाही. तुमच्या लायसनवर बोअर लिहिलेला असेल. उद्या नळी एक अन् कागद दुसरा झाला तर ठाण्यात काय सांगाल?
अन् रोही-डुकरासाठी हा खटाटोप चालला असेल तर आधी वनखात्याची परवानगी. तूर खाल्ली म्हणून आपल्या मनानं बार काढता येत नाही.

सिंदेवाहीचा पोट्टा
मिस्त्री काका, नाक सपाट आहे, शिसं बोटानं दाबल्यासारखं. चारही हिरवी, उडवत नाही.
खरं सांगतो, बंदूक त्याच्याकडंच ठेवून आलो होतो, नुसती पाह्यला म्हणून. पावती आहे. आता फोन केला तर म्हणे बोल्ट काढून ठेवला.

जुना मिस्त्री, वर्धा
उद्याच जा. बोल्टवर अन् फ्रेमवर कानस लागली का ते उजेडात धरून पाह्य, अन् पिना मोजून घे.