अर्धवट विणलेले तुकडे: उसवायचे की देऊन टाकायचे?

मेघना (बी-४०३): नमस्कार मंडळी. माळा आवरताना सासूबाईंची विणकामाची पिशवी निघाली. एका स्वेटरची पाठ, सुट्टी बाही, कसलंसं झबलं, काहींना सुयाही तशाच अडकवलेल्या. मला विणता येत नाही. रविवारी जुने कपडे न्यायला गाडी येतेय, त्यात घालू का?

सेक्रेटरी: सकाळी १० ते ११, गेटजवळ. कपडे धुतलेले आणि घालण्याजोगे असावेत.

विद्याकाकू (ए-१०२): अजिबात देऊ नकोस गं. एक बाही कोण घालणार? उसवलीस तर मात्र सगळी लोकर हाताशी येते. अर्धवट कामाचा हाच फायदा. ते कधी अंगात घातलेलं नसतं, कोपराला झिजलेलं नसतं. वर शिवणही नाही, म्हणजे उलगडायला सोपं.

शिरीषकाका (सी-२०१): माझी नोकरी सूतगिरणीत झाली म्हणून सांगतो. लोकरीचे टाकाऊ कपडे बरेचदा पानिपतला जातात. परदेशातूनही गाठोडी येतात तिथे. आधी बटणं, चेन काढतात, रंगवार ढीग लावतात, मग यंत्रात पिंजून त्याचं परत सूत काढतात. त्याच्या चादरी, ब्लँकेटं होतात. वाईट नाही, पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, त्यामुळे सूत भरड निघतं. हाताने उसवलेला धागा अखंड राहतो. घरी जमतंय तर यंत्रात कशाला घालायचं?

मेघना: बसलेय उसवायला. निघतच नाहीये. ओढलं की गाठ!

विद्याकाकू: खालच्या काठाकडून ओढत असशील. जिथून विणायला सुरुवात केली तिथून धागा सरळ सुटत नाही. जिथे काम थांबलंय, म्हणजे सुई अडकवलीय, तिथून सुरू कर. सुई काढ, मोकळं टोक धर आणि सावकाश ओढ. ओळीमागून ओळ सुटत जाईल. लगेच गुंडाळत जा, नाहीतर मांडीवर शेवयांचा ढीग होईल.

रोहन (डी-५०४): त्या कुरळ्या धाग्याचंच परत विणलं तर चालत नाही का?

विद्याकाकू: चालतं, पण टाके वेडेवाकडे बसतात आणि पहिल्या धुण्यात माप बदलतं. आधी लडी कर. खुर्चीच्या पाठीला धागा सैलसर गुंडाळायचा, चार ठिकाणी पांढऱ्या सुती दोऱ्याने ढिलं बांधायचं. रंगीत दोरा नको, रंग उतरतो. मग लडी खुर्चीवरून काढून कोमट पाण्यात चमचाभर इझी (लोकरीच्या कपड्यांचा पातळ साबण) घालून वीसेक मिनिटं बुडवून ठेवायची. चोळायची नाही, पिळायची नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि हँगरला सावलीत लटकवायची. वाळली की बहुतेक कुरळेपणा गेलेला असतो. पूर्वी लडी धरायला पोरांना हात पुढे करून बसवायचे. हल्ली पोरांपेक्षा खुर्ची बरी, हलत नाही.

केतकी (डी-३०१): काकू, हे खऱ्या लोकरीला छान लागू पडतं. आपल्याकडे घरोघरी जी ‘लोकर’ असते ती पुष्कळदा ॲक्रिलिक. ती नुसती भिजवून पुरती सरळ होत नाही. वाफ द्यावी लागते. इस्त्री लडीच्या वर वीतभर धरून फक्त वाफ सोडायची, टेकवायची नाही. ॲक्रिलिकला जास्त उष्णता लागली की ते गळपटतं, चकाकतं आणि मग काही केलं तरी पूर्वीसारखं होत नाही. खऱ्या लोकरीचं वेगळंच. ती गरम पाण्यात चोळली की आटून नमदा होतो, म्हणजे सगळी घट्ट चिकटून जाते.

मेघना: पण माझ्याकडे कुठली आहे ते कसं ओळखू? वरचे कागद कधीच गेलेत.

केतकी: बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटव. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि काळी राख बोटाने चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं, थंड झालं की कडक मणी उरतो. मिश्र असेल तर दोन्ही थोडं थोडं दिसतं.

सेक्रेटरी: कृपया पॅसेजमध्ये काही पेटवू नये. मागच्या दिवाळीपासून स्मोक अलार्म फार हळवा झाला आहे.

शिरीषकाका: 😄

सी-४०२: ७७१२ नंबरची पांढरी गाडी कोणाची? टँकर आत येत नाहीये.

रोहन: काढतो काढतो. काकू, तोपर्यंत एक सांगा. धागा मध्येच तुटला तर गाठ मारायची?

विद्याकाकू: गाठ टोचते, आणि कधीतरी नेमकी पुढच्या बाजूला येते. खऱ्या लोकरीची दोन्ही टोकं थोडी पिंजायची, ओली करायची आणि तळहातावर जोरात चोळायची. एकजीव होतात. ॲक्रिलिकला हे जमत नाही. तिथे ओळीच्या कडेला नवा धागा लावायचा आणि दोन्ही टोकं नंतर जाड सुईने आत ओवायची.

मेघना: उपयोगाचं काय होईल यातलं? एकेका रंगाची जेमतेम मूठभर आहे.

विद्याकाकू: मूठभर म्हणजे किती? स्वयंपाकाच्या काट्यावर वजन कर. चार प्लायची (चार पदरी) असेल तर पन्नास ग्रॅममध्ये बाळाचं टोपडं आणि पायमोजे आरामात होतात. शंभरात साधं झबलं. मोठ्या माणसाच्या स्वेटरला चारशे-पाचशे तरी लागते, तो नाद सोड. एकच रंग, पण दोन वेळा आणलेला असला तर छटा वेगळी असते, कारण रंगाचा लॉट बदलतो. शेजारी शेजारी विणलं की लगेच उठून दिसतं. दोन-दोन ओळी आलटून पालटून घ्यायच्या, किंवा मुद्दाम पट्टे. विणायच्या आधी दहा नंबरच्या सुयांवर चौकोन विणून बघायचा. उसवलेली लोकर कधी पहिल्यापेक्षा बारीक भरते. मग अकरा नंबर घ्यायच्या. रोहन, तुझ्यासाठी सांगते, नंबर वाढला की सुई बारीक.

केतकी: उरलेल्या तुकड्यांचे मी क्रोशाने चौकोन करते. प्रत्येकाची शेवटची ओळ एकाच रंगाची ठेवली की कितीही विजोड रंग एकत्र नांदतात. आमच्या बाईंच्या मुलीचं सातव्यात ओटीभरण आहे. मेघनाताई, तुमच्याकडची पिवळी-पांढरी मिळाली तर बाळंतविड्यात दुपटं माझ्याकडून.

मेघना: घेऊन जा गं, हक्काने. एकच अडचण आहे. मरून रंगाची जी पाठ आहे, ती सासूबाईंनी ह्यांच्यासाठी विणायला घेतली होती. हे म्हणतायत ती उसवू नका.

शिरीषकाका: अहो, ठेवून काय करणार? कसर लागेल.

विद्याकाकू: शिरीषभाऊ, सगळ्याचाच हिशेब नका करू. मेघना, ती राहू दे. फक्त सुई काढायला हवी, अडकून अडकून ती ओळ ताणली जाते. संध्याकाळी घेऊन ये, टाके बंद करून देते. मागून सुती कापड लावलं तर तुझ्या ह्यांच्या उशीला अभ्रा होईल. बाकीचं मात्र बिनधास्त उसव. अर्धवट कामात त्यांचा जीव अडकला असेल असं समजू नकोस. कित्येकदा नमुना आवडत नाही म्हणून आम्हीच टाकून देतो ते.

मेघना: 🙏 येते सहाला.

केतकी: कसर काकांनी बरी आठवण केली. खऱ्या लोकरीचा धागा दर वितीवर तुटत असेल तर कसर लागलेली आहे, त्या तुकड्यावर वेळ घालवू नका. आणि तो बाकीच्यांपासून लांब ठेवा.

मेघना: एक राखाडी, मऊ, केसाळ प्रकार आहे. तो तर उलट्या बाजूनेही निघत नाही, सुलट्याही नाही.

केतकी: मोहेअर असेल, म्हणजे अंगोरा बकरीची लोकर. त्याचे केस एकमेकांत अडकतात. पिशवीत घालून काही तास फ्रीजरमध्ये ठेवा, मग थोडा बरा सुटतो. तरीही हळूच, चुटकीएवढं चुटकीएवढं.

मेघना: फ्रीजरमध्ये मटार आहेत!

विद्याकाकू: मग येताना मटार पण आण. करंज्या करू.

रोहन: गाडी काढली. करंज्या किती वाजता?