गाठ तीच, मग औषध एकालाच का लागू पडतं?
एकाने विचारलंय की अॅक्रोमेगालीच्या (बहुधा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे ग्रोथ हार्मोन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, जास्त तयार होण्याचा आजार) दोन रुग्णांना ते हार्मोन कमी करणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडचं तेच इंजेक्शन दिलं, एकाचं ग्रोथ हार्मोन झपाट्याने उतरलं आणि दुसऱ्याचं ढिम्म हललं नाही, असं का. डोस कमी पडला असेल, हे उत्तर मला अपुरं वाटतं. पिट्युटरीच्या गाठीतल्या पेशींवर कोणते रिसेप्टर (हार्मोन किंवा औषध जिथे येऊन बसतं त्या जागा) आहेत, ते बघायला हवं.

ऑक्ट्रिओटाइड मुख्यतः सोमॅटोस्टॅटिनच्या (ग्रोथ हार्मोनला आवर घालणारं शरीरातलंच हार्मोन) 2 क्रमांकाच्या रिसेप्टरवर बसतं. सूक्ष्मदर्शकाखाली ज्या पेशी हार्मोनच्या कणांनी गच्च भरलेल्या दिसतात, त्यांच्यावर हा रिसेप्टर सहसा भरपूर असतो. विरळ कणांच्या गाठींत तो बहुधा कमी, म्हणून औषधाचा गुण येत नाही. अशा वेळी 5 क्रमांकाच्या रिसेप्टरलाही घट्ट धरणारं पासिरिओटाइड हे औषध उपयोगी पडू शकतं. मात्र त्याने रक्तातली साखर वाढते, त्यावर लक्ष हवंच.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचं वागणं. निरोगी माणसाला लेवोडोपा (शरीरात ज्याचं डोपामिन बनतं ते औषध) दिलं की ग्रोथ हार्मोन वाढतं. अॅक्रोमेगालीत मात्र अनेकांचं कमी होतं, कारण गाठीच्या पेशींवरच डोपामिनचे डी-2 रिसेप्टर असतात. कॅबरगोलिन हे औषध त्याच वाटेने काम करतं. टीआरएचचंही (पिट्युटरीमार्फत थायरॉइडला चालना देणारं मेंदूतलं हार्मोन) असंच उलटं: निरोगी माणसाचं ग्रोथ हार्मोन त्याने सहसा वाढत नाही, इथे बऱ्याच जणांत उसळतं.

शस्त्रक्रिया झाली असेल तर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये कणांचा प्रकार लिहिलाय का, ते जरूर बघा. नसेल तर विचारा; जपून ठेवलेल्या ब्लॉकवर (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) ती तपासणी नंतरही करता येते.