पावसाआधी: शहापूरचं घर, केए-२२ गाडी आणि बैतखोलची बोट

प्रेषक: शहापूर (हल्ली मस्कत)
प्रति: मंडळाची यादी

मंडळी, नमस्कार.

वळीव सुरू झालाय, महिन्याभरात मृग. गावाकडे तीन पॉलिसी आहेत आणि एजंट तिन्हींबद्दल एकच वाक्य म्हणतोय, "सगळं कव्हर आहे की ओ!" म्हणून विचारतो. घर बेळगावच्या शहापूरला, मंगळुरी कौलांचं, मागे दोन स्लॅबच्या खोल्या, घराचं खातं (मालकीची सरकारी नोंद) अजून आजोबांच्या नावावर. आई-बाबा तिथेच राहतात. उन्हाळ्यात दोन महिने इकडे येतात, तेव्हा घर बंद. पुढच्या खोलीत दोन माग चालू आहेत. गाडी दोन वर्षांपूर्वी घेतलेली, माझ्या नावावर, चालवतात बाबा. भावजींची ट्रॉलर कारवारला बैतखोलात असते. कागद हातात घेऊन नक्की काय बघू?

---

प्रेषक: खानापूरचे काका

घराचं मी सांगतो. गाडीचं आणि बोटीचं त्यातले जाणकार सांगतील.

एप्रिल २०२१ पासून राहत्या घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही सगळ्या कंपन्यांची ठरलेली पॉलिसी आहे. तुमच्याकडे तीच आहे ना ते आधी बघा. वादळ, पूर, पाणी शिरणं, दरड, जमीन खचणं, वीज पडणं हे सगळं तिच्यात येतं. पुरामुळे घर सोडावं लागलं आणि मागे चोरी झाली, तर घटनेपासून सात दिवसांतली चोरीही येते. हे फार जणांना ठाऊक नसतं. गच्चीची गळती, भिंतीला चढलेली ओल, वर्षानुवर्षं कुजलेले वासे यांना मात्र दमडी मिळत नाही. क्लेम अडतो तो बहुतेक इथेच. कौलं वाऱ्याने उडाली आणि त्यातून पाणी आलं, तर ते वादळाचं नुकसान. कौलं जागेवर असूनही पाणी ठिबकतंय, तर ती देखभालीची हयगय. म्हणून आता कोरड्यात छताचे फोटो काढून ठेवा, आढ्यापासून पन्हळीपर्यंत, तारखेसकट.

रकमेचं गणित. जागेची किंमत यात धरायची नाही. शहापुरात गुंठ्याचा भाव काय चाललाय त्याचा इथे काही संबंध नाही. कार्पेट क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकामाचा दर, एवढंच. समजा १,२०० चौरस फूट आणि फुटाला १,८०० रुपये, म्हणजे २१ लाख ६० हजार. कंपाउंड भिंत, गेट, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, सोलर यांचा खर्च वेगळा लिहून त्यात मिळवायचा. लिहिलं नाही तर पडलेल्या कंपाउंडसाठी भांडायला जागा उरत नाही. घराचा विमा असला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, यादी न देता आपोआप मिळतं. वरच्या हिशोबात ते ४ लाख ३२ हजार होतं. रक्कम थोडी कमी लिहिली गेली तरी या पॉलिसीत क्लेम त्या प्रमाणात कापत नाहीत, पण म्हणून क्षेत्रफळ अंदाजाने टाकू नका. टेप लावून मोजा. दागिने त्या २० टक्क्यांत येत नाहीत, ते वेगळे लिहावे लागतात. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक नग १ लाखापर्यंत असेल तर सराफाचं मूल्यांकन मागत नाहीत.

आता तुमच्या घराच्या तीन अडचणी.

पहिली खात्याची. विमा बाबांच्या नावावर आणि खातं आजोबांच्या नावावर, मग क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न हाच येणार: घरात यांचा हक्क काय? वारसा नोंद करून खाता उतारा बाबांच्या नावावर करून घ्या. तोवर निदान मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि घरपट्टीच्या पावत्या एका फाईलमध्ये ठेवा. पत्त्यात एका कागदावर बेळगाव आणि दुसऱ्यावर बेळगावी असलं तर चालतं. खाते क्रमांक किंवा मालकाचं नाव जुळलं नाही तर चालत नाही.

दुसरी मागांची. ही पॉलिसी राहत्या घराची आहे. माग, सूत, विणून ठेवलेल्या साड्या हा धंद्याचा माल, तो 'सामान्य सामानात' बसत नाही. त्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी आहे, एका जागेवरची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ती. वडगाव-शहापूरकडे मागाची खोली सखल असते. पाणी आलं की मोटर आणि खालचं सूत आधी जातं, आणि नेमकं त्याचंच काही मिळत नाही. प्रस्तावात 'घरात व्यवसाय आहे का' या रकान्यात 'नाही' लिहिलं असेल तर ते आजच दुरुस्त करून घ्या.

तिसरी बंद घराची. जुन्या फायर पॉलिसीत सलग ३० दिवसांहून जास्त घर रिकामं राहिलं तर संरक्षण थांबत असे. तुमची पॉलिसी कुठलीही असो, आई-बाबा निघण्याआधी कंपनीला मेल करा: अमुक तारखेपासून घर बंद, चावी शेजारी, टाकी रिकामी केली, मेन स्विच बंद. त्यांचं उत्तर पॉलिसीला जोडून ठेवा.

विजेचं एक राहिलं. वीज पडून भिंत तडकली तर येते. पण विजेच्या दाबाने फ्रिज किंवा टीव्हीच जळला तर तो या पॉलिसीत येत नाही, तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यातून आग लागली आणि बाकीचं घर पेटलं, तर ते येतं.

पाणी ओसरल्यावर लगेच पुसायला घेऊ नका. भिंतीवरची चिखलाची रेघ टेप धरून फोटोत घ्या, जमिनीपासून किती इंच ते दिसलं पाहिजे. भिजलेली गादी, कपाट, मिक्सर सर्व्हेअर (कंपनीतर्फे नुकसान मोजणारा) येईपर्यंत अंगणात रचून ठेवा. महापालिकेची गाडी ढीग घेऊन गेली की पुरावाही गेला. पडझडीचा राडा काढायचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते, पावत्या जपा. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. त्याची नक्कल विम्याला उपयोगी पडते, पण तो सर्व्हेअरच्या अहवालाची जागा घेत नाही. पाऊस किती पडला यावर वाद झाला तर राज्य आपत्ती निरीक्षण केंद्राच्या ग्रामपंचायतनिहाय पर्जन्यमापकांची नोंद काढता येते.

---

प्रेषक: निपाणी (हल्ली दुबई)

काका, घराचं मस्त झालं. गाडीचं मी घेतो.

शहापूरच्या दादा, "गाडी दोन वर्षांपूर्वी घेतलेली" हे वाचून आधी पॉलिसीचं पहिलं पान बघा म्हणतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, पण ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं नुकसान) भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. म्हणजे दुसऱ्या वर्षी गाडी कायद्याने चालते, पोलीस अडवत नाहीत, बाबांना वाटतं विमा आहे. आणि पुरासाठी शून्य. ओन डॅमेजच्या मुदतीची तारीख वेगळी छापलेली असते, ती बघा. संपली असेल तर आता गाडी दाखवून मगच मिळेल. संपून ९० दिवस उलटले असतील तर नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याची सूट) गेला.

पाण्यात गेलेल्या गाडीचे पैसे बुडतात ते चावी फिरवल्यामुळे. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकला भोक पडतं. सर्व्हेअर वाकलेला रॉड बघितला की लिहितो: पुराने नव्हे, चालू केल्याने. पॉलिसीची अटही तशीच आहे, दुरुस्तीआधी गाडी चालवून नुकसान वाढलं तर ते मालकाच्या माथी. इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन (जादा पैसे भरून घ्यायचं संरक्षण) यासाठीच असतं. घाटमाथ्याच्या पावसात आणि नाल्याकाठच्या घरात ते घेतलंच पाहिजे, असं माझं ठाम मत. झिरो डेप (घसारा न कापता पैसे देणारं ॲड-ऑन) न घेता एक वेळ चालेल.

तर पाणी चढलेलं दिसलं की बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, गिअर न्यूट्रल, आणि क्रेनवर चढवून गॅरेज. ढकलून स्टार्ट तर मुळीच नको. गॅरेजमध्ये डिपस्टिक बघायला सांगा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय. मग प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढतात, ऑइल आणि फिल्टर बदलतात, त्यानंतरच स्टार्टर.

किती मिळतं? झिरो डेप नसेल तर प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर यांचे निम्मे पैसे. काच पूर्ण. लोखंडी भागांना दोन ते तीन वर्षांच्या गाडीवर १५ टक्के घसारा. शिवाय १,५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,००० रुपये तुमच्या खिशातून. दुरुस्ती आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेली की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. आयडीव्ही ६ लाख असेल तर ही सीमा साडेचार लाखांवर येते. डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलं की वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सीट, एअरबॅग मिळून तो आकडा सहज गाठतो. म्हणून स्वस्त प्रीमियमसाठी आयडीव्ही खाली ओढू नका.

यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर २०१९ ला आलं, २०२१ लाही आलं. बॅरिकेड लावलेलं असताना गाडी घातली तर 'वाजवी काळजी घेतली नाही' म्हणून वाद उभा राहतो. बाबांना सांगा, संकेश्वरला मुक्काम परवडला.

---

प्रेषक: कारवारची ताई

बोटीचा विमा म्हणजे मोटर पॉलिसीचा भाऊ नव्हे, भावजींना हे आधी सांग. तो सागरी विमा कायदा १९६३ खाली चालतो, आणि तिथे 'वॉरंटी' शब्दाचा अर्थ अगदी कडक आहे. पॉलिसीत 'वॉरंटेड' म्हणून जे लिहिलंय ते तंतोतंत पाळायचं, त्या अटीचा नुकसानीशी संबंध असो वा नसो. बघायला लागतं ते असं: मासेमारीची हद्द कुठवर, बोटीवर किती खलाशी हवेत, तांडेलाकडे (बोट चालवणारा मुख्य) काय कागद हवा, रात्री बंदरात बोटीवर राखणदार हवा का, आणि पावसाच्या मोसमात बोट कुठे ठेवायची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. त्या ६१ दिवसांत बोट बैतखोलात पाण्यात आहे की यार्डात ओढून ठेवली आहे, हे कंपनीला लेखी कळवलेलं असावं.

दुसरं, पॉलिसी फक्त 'टोटल लॉस'ची (बोट पूर्ण गेली तरच पैसे) आहे की अंशतः नुकसानही देते? स्वस्त मिळते ती बहुधा पहिली. चक्रीवादळात बोटी बुडतात कमी, एकमेकींवर आदळून फळ्या आणि सुकाणू मोडतं जास्त. २०१९ च्या क्यार चक्रीवादळाच्या वेळी बाहेरच्या बोटीही कारवारच्या आसऱ्याला आल्या होत्या. दाटीत नांगर ओढला जातो, दोर घासून तुटतात. दोन्ही बाजूंना टायर, पुढे दोन नांगर, दोर जिथे कठड्यावर घासतो तिथे होसपाइपचा तुकडा. जाळी, फिश फाइंडर, वायरलेस हे हलमध्ये (बोटीच्या सांगाड्यात) धरत नाहीत. वेगळं लिहिलं असेल तरच मिळतं, आणि जाळ्यांना पुष्कळ कंपन्या नाहीच म्हणतात. लाकूड किडणं, इंजिन झिजणं कशातच नाही.

मालकाला ठाऊक असताना बोट समुद्रात जाण्याजोगी नव्हती, पंप बंद होता, फळी फुटलेली होती, आणि त्यामुळेच नुकसान झालं, तर कंपनी सुटते. त्यामुळे मासेमारीचा मोसम सुरू व्हायच्या आधी गोदीत केलेल्या कामाची पावती ही पॉलिसीइतकीच मोलाची. हवामान खात्याचा इशारा बंदरात लागला असताना बाहेर गेलेल्या बोटीचा क्लेमही असाच अडतो.

आणि हात बांधून बसायचं नाही. विमा नसता तर मालकाने जे केलं असतं तेच करायचं: दुसऱ्या बोटीने ओढून आणणं, पंप लावणं, इंजिनात खारं पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन डिझेल-ऑइल भरून फिरवणं. खाऱ्या पाण्यात दोन दिवस राहिलेलं इंजिन भंगार होतं आणि दोष मालकावर येतो. 'स्यू अँड लेबर' कलम पॉलिसीत असेल तर हा वाचवण्याचा खर्च नुकसानभरपाईच्या शिवाय मिळतो. ओढणाऱ्या बोटीच्या तांडेलाकडून तारीख, वेळ, डिझेल आणि रक्कम लिहून सही घ्या. तोंडी व्यवहारावर सर्व्हेअर पैसे धरत नाही.

समुद्रात संकट आलं तर तटरक्षक दल १५५४. जीपीएसवरची जागा आणि वेळ कागदावर टिपा, किनाऱ्यावर येताच किनारी पोलीस आणि मत्स्य खात्याला कळवा, मग कंपनीला. वाळूत रुतलेली बोट काढून दुरुस्त करायचा खर्च तिच्या किमतीहून जास्त होणार असेल, तर पूर्ण नुकसानीचा दावा करता येतो, पण त्यासाठी 'बोट सोडून देत आहे' अशी नोटीस वेळेत द्यावी लागते. तिच्याशिवाय तो अंशतः नुकसानीचाच क्लेम राहतो.

---

प्रेषक: शहापूर (हल्ली मस्कत)

ताई, काका, दादा, आभार. ओन डॅमेजची तारीख बघितली, मार्चमध्येच संपली आहे. क्लेम नाकारलाच तर इथे बसून तक्रार कुठे करायची?

---

प्रेषक: खानापूरचे काका

मार्च ना? मग ९० दिवस भरायच्या आत घ्या, बोनस वाचेल. बाबांना उद्याच गाडी दाखवायला पाठवा.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. कर्नाटकाचं कार्यालय बेंगळुरूला, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद, नकारापासून एका वर्षात. अर्ज पॉलिसीधारकाच्या नावाने जातो. म्हणजे घराचा बाबांनी करायचा आणि गाडीचा तुम्ही. गाडीच्या कामासाठी मस्कतच्या दूतावासात बाबांच्या नावाने मुखत्यारपत्र आत्ताच करून पाठवा. सर्व्हेअर सही मागतो तेव्हा पाऊस चालू असतो आणि कुरियर अडकलेलं असतं.