वर्डची फाइल कोणत्या व्हर्जनमधी बनली, कसं ओळखायचं?

मनीषनगरवाला:
आमच्या बिल्डिंगमधी पार्किंगवरून भांडण सुरू आहे, सचिव सांगून राहिले का 2009 च्या सभेतच ठराव झाला होता, अन् पुरावा म्हणून ग्रुपवर वर्डची डॉकएक्स फाइल टाकली. मले तर ती मागच्या आठवड्यात टाइप केल्यासारखी वाटून राहिली. कोणत्या वर्डमधी बनली हे समजते का?

सदरचा_टायपिस्ट:
समजते नं. डॉकएक्स आतून झिपच असते भाऊ. पहिले कॉपी काढ, ओरिजिनल उघडून सेव्ह मारशील तर तुझ्याच वर्डचा नंबर बसून जाईन. कॉपीच्या नावातलं शेवटचं डॉकएक्स खोडून झिप लिही, उघड, डॉकप्रॉप्स फोल्डरमधली अ‍ॅप नावाची फाइल नोटपॅडमधी पाहा. अ‍ॅपव्हर्जन 12 म्हणजे 2007, 14 म्हणजे 2010, 15 म्हणजे 2013. 13 शोधू नको, मायक्रोसॉफ्टनं तो आकडाच गाळला. 2016, 2019, 2021, 365 सगळ्यांले 16च.

तर्री_पोहे:
अबे पण तो नंबर शेवटी सेव्ह कुठं केली त्याचा असते, जन्माचा नाही. सचिवांनी जुनीच फाइल नवीन कॉम्प्युटरवर सेव्ह केली असन तरी 16 दिसन. त्याच झिपमधल्या वर्ड फोल्डरमधी सेटिंग्ज नावाची फाइल आहे, तिच्यात कम्पॅटिबिलिटी मोड पाहा, म्हणजे फाइल कोणत्या वर्डच्या हिशोबानं चालते तो आकडा. 2007 ची फाइल नंतर कुठंही सेव्ह केली तरी तिथं 12 राहते, कोणी मुद्दाम कन्व्हर्ट केली नसन तर. 15 म्हणजे 2013 किंवा नंतरची. अन् फॉन्ट कोणता आहे?

मनीषनगरवाला:
अ‍ॅपव्हर्जन 16, मोड 15. फॉन्ट निर्मला यूआय.

तर्री_पोहे:
मग झालं की! निर्मला यूआय विंडोज 8 सोबत आला, 2012 मधी. 2009 ले आपल्याकडं मंगल, नाहीतर कृतिदेव. पाकिस्तानात नवाझ शरीफांच्या घरच्यांवरच्या पनामा केसमधी असंच झालं होतं, कागदावर तारीख 2006 ची अन् फॉन्ट कॅलिब्री, जो लोकांच्या हाती 2007 ले आला.

सदरचा_टायपिस्ट:
तरी एकदम खोटारडे म्हणू नको, फॉन्ट बदलला, कन्व्हर्ट केली असं म्हणतीन ते, अन् तसं होऊही शकते. सभेचं सह्यांचं रजिस्टर माग, फाइलचं काय घेऊन बसला.

मनीषनगरवाला:
मागितलं. वाळवी लागली म्हणते.